मास्तरांनी न सांगितलेली खाज

मास्तर शिवणकामात पक्के. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप न लावता कंबर सांगायचे. स्वतःच्या कंबरेकडे मात्र त्यांनी कधी पाहिलं नाही. दिवसभर मशीनवर बसून पोट सुटलं, साखर वाढली आणि पन्नाशीत यकृतावर चरबी निघाली. थोरल्या बहिणीचं, ताईचं, दुखणंही तेच. तिचं यकृत तर कडक होत चाललं होतं.

रुग्णालयात नव्या औषधाची चाचणी सुरू होती. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "पेशीच्या केंद्रकात एक प्रथिन असतं. यकृतानं चरबी किती बनवायची, यावर त्याचा ताबा असतो. ही गोळी त्यालाच कामाला लावते. काही त्रास झाला तर लपवू नका, मास्तर."

मास्तरांनी सही केली. ताईला म्हणाले, "मला लागू पडलं की तुझा नंबर."

तीन महिन्यांत यकृतावरची चरबी उतरली, पण अंगाला खाज सुटली. काजं करताना हातातून सुई सुटायची. एकदा माप घेता घेता ते फूटपट्टीनं पाठ खाजवायला लागले, तर गिऱ्हाईक बाई हसून म्हणाल्या, "माप माझं घेताय की तुमचं?"

बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरीणबाईंना सांगा की."

"नाव काढून टाकतील. मग ताईसाठी कुठल्या तोंडानं विचारू?"

ते रोज गोळी बेसिनमध्ये टाकू लागले. खाज थांबली. दर भेटीला मात्र बेधडक सांगायचे, "घेतो ना, न चुकता."

वर्षअखेरीला चरबी होती तिथेच परतली होती. आणखीही काही जणांची चरबी अशीच परतलेली निघाली. औषधाचा गुण टिकत नाही, असं ठरवून चाचणी गुंडाळली गेली.

महिनाभर मास्तरांना अन्न गोड लागेना. शेवटी त्यांनी जाऊन खरं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांची फाइल पुढ्यात ओढली.

"खाजेचं बोलला असतात तर गोळी अर्ध्यावर आणली असती. एवढंच करायचं होतं."

"आता?"

"तुमची नोंद दुरुस्त करते. बाकीच्यांनी काय केलं, कोण जाणे. बंद पडलेली चाचणी माझ्या एकटीच्या शब्दावर पुन्हा सुरू होत नाही."

दोन वर्षांनी ताई गेली. त्या औषधानं ती वाचली असती, असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. मास्तरांना मात्र तेवढा आधार पुरत नाही. अंथरुणाला खिळल्यावर तिनं एकदाच विचारलं होतं, "तुझ्या त्या गोळीचं काय झालं रे पुढे?"

"नाही लागू पडली," मास्तर म्हणाले.

ताईनं मान हलवली आणि कूस बदलली. बायको दारातच उभी होती; ती तशीच मागे वळली.