घोडीला मानवलेली धून

जनरेटरच्या डिझेलचा वास आला की मला म्हसवडची ती भर दुपारची वरात आठवते. आमच्या बेंजो पार्टीत मी ऑक्टोपॅड वाजवायचो आणि माझा मित्र कीबोर्ड. टेम्पोचा पत्रा नुसता पोळत होता, तीच ती दणदणीत गाणी वाजवून बोटं बधिर झाली होती, आणि नवरदेवाची घोडी आवाजानं सारखी बुजत होती. मध्येच मित्रानं स्वतःची एक संथ धून धरली, अर्धवट झोपेत लांबून कानावर यावी तशी. घोडीनं कान पाडले आणि ती शांत उभी राहिली. "वाजव रं गड्या, जनावर दमलंय," घोडीवाला म्हणाला. तेवढ्यात नवरदेवाचा मामा ओरडला, "आरं, वरात हाय का मयत?" सगळे हसले. मित्रही हसला आणि त्यानं धून तिथंच सोडली. पुढं तो पुण्यात एका बँडमध्ये गेला, बँड फुटला, मग कित्येक वर्षं त्याचं काहीच ऐकू आलं नाही. काल एका वरातीआधी आमच्या पार्टीतले लोक जनरेटरमध्ये डिझेल ओतत होते, तेव्हा मोबाईलवर त्याचं एकट्याचं नवं गाणं आलं. तीच धून, आता पुरी झालेली. खाली पोरं ओरडत होती, "आवं काका, चालू करा की!" आणि मी टेम्पोत त्या घोडीसारखा नुसता उभा होतो.