उतारावरची रांगोळी

शिरपूरजवळच्या त्या गावात मारुतीच्या गळ्यातली रुईची माळ म्हणजे सोजरबाईची. लहानपणीच पोलिओनं पाय गेले, पण हात असे, की दर शनिवारी उन्हं यायच्या आत एकशेआठ पानं ओवून तयार. देवळाला सात पायऱ्या. माळ दुसऱ्याच्या हातून वर जायची. आपली माळ देवाच्या अंगावर कशी दिसते, हे पन्नाशी आली तरी तिनं पाहिलं नव्हतं. शेवटी ग्रामसभेत चाकाच्या खुर्चीतून भांडून तिनं पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा उतार करून घेतला.

उतार झाला तशी शेजारची ललिताबाई हरखली. देवासाठी अंग मोडायची तिला भारी हौस. एवढी गुळगुळीत जागा! दर शनिवारी पहाटे येऊन ती उतारभर रांगोळी काढायची. गदा, शंख, गोपद्मं, आणि तळाशी रामाचं नाव.

सोजरबाई तीन शनिवार आली, उतारापाशी थांबली, माळ सोबत आलेल्या संगीताच्या हाती देऊन परत फिरली. चौथ्या शनिवारी ललिताबाईला राहवलं नाही. चार बायांत मोठ्यानं म्हणाली, "उतारासाठी सारं गाव डोक्यावर घेतलं, न आता इथूनच वापस! भक्ती पाह्यजे माय, नुसता हट्ट काय कामाचा?"

सोजरबाईनं खुर्ची वळवली. "ललिताबाई, चाक कुठून नेऊ सांगा. गदेवरून, का रामाच्या नावावरून?"

संगीता फस्सकन हसली.

"मंग सांगाचं होतं ना मले!"

"तुमी घंटा घंटा वाकून काढता. 'पुसा' म्हनायले जीभच उचलली नाही."

ललिताबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पदर भिजवून ती पुसायला बसली. पण तेव्हाही आधी रामाचं नाव चिमटीचिमटीनं गोळा केलं, तुळशीत नेऊन घातलं. तेवढा वेळ सोजरबाई मांडीवर माळ घेऊन उन्हात ताटकळली, हे तिच्या ध्यानात आलं ते परत आल्यावर.

सोजरबाई वर गेली. गुरवानं तिच्यासमोर माळ घातली. ती कितीतरी वेळ पाहत राहिली. "एवढी लांब होते का व!" एवढंच म्हणाली.

"ललिताबाई, पुण्याचं काम केलं," गुरव बोलला. "रस्ता मोकळा करून देल्ला." बाया माना डोलवू लागल्या.

रस्ता बुजवला कोणी, हे सांगायला ललिताबाईनं तोंड उघडलं. निघालं ते भलतंच. "देवाचीच इच्छा."

सोजरबाईनं वळून तिच्याकडं पाहिलं. ललिताबाईला त्यानंतर मारुतीकडं काही बघवेना.