सदूबाबांना बसलेली थोबाडीत

चहा घ्या, सांगतो. फक्त मला मूर्ख म्हणायचं नाही. ते काम मी स्वतःच करणार आहे.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. अन्याय दिसला की डोकं फिरतं! उभी हयात बातमीदारीत गेली. पुढाऱ्यांशी भांडलो, कारखानदारांशी भांडलो, संपादकाशी तर रोजच. निवृत्त झालो आणि पंचाईत झाली. भांडायला माणूसच उरलं नाही! बायको आधीच गेली होती. मुलानं पुण्याजवळ चऱ्होलीत दहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, मला तिथे आणून ठेवलं आणि स्वतः कॅनडाला निघून गेला. शेजारच्या दाराला कायम कुलूप. माझी बेल वाजते ती कुणाचं तरी पार्सल चुकून आलं तरच.

म्हणून संध्याकाळी गॅलरीत उभा राहायचो. माणसं दिसतात हो, बारीक का होईना. आणि एक दिवस काय दिसावं?

गेटजवळच्या मोकळ्या जागेत वॉचमननं एका म्हाताऱ्याला थोबाडीत ठेवून दिली! फाट्! आवाज दहाव्या मजल्यापर्यंत आला. म्हातारा गरकन फिरला, आडवा झाला, टोपी एकीकडे, चप्पल दुसरीकडे. आणि भोवतीची पोरं चक्क हसतायत!

मी पायजम्यावरच खाली धावलो. लिफ्टमध्ये मथळासुद्धा तयार झाला होता.

"पुन्हा हात लावशील तर याद राख!" मी वॉचमनवर ओरडलो.

बालाजी त्याचं नाव, लातूरकडचा. तो भांबावला. "आवो साहेब, मी कशाला मारू बाबाला?"

"डोळ्यांनी बघितलंय मी!"

म्हातारा उठून बसला. डोळ्यांत पाणी. आता ते हसून हसून आलेलं होतं, हे मला कसं कळणार?

"अवो, जरा ऐका तरी..." तो म्हणाला.

"बाबा, घाबरू नका! तुम्हाला बोलायची गरजच नाही. तुमच्या वतीनं मी बोलतो!"

आणि बोललो की! सोसायटीच्या ग्रुपवर असा आगडोंब उसळवला की विचारू नका. अध्यक्ष म्हणाले, "चौकशी करू." मी म्हटलं, "चौकशी? की छापून आणू?" मी निवृत्त आहे हे त्यांना कुठे माहीत होतं? सिक्युरिटी एजन्सीला फोनवर असा दम भरला की दुसऱ्याच दिवशी बालाजीची उचलबांगडी झाली. थेट निघोज्याला, कुठल्याशा कंपनीच्या गेटवर, नाइट शिफ्टला.

काय समाधान वाटलं! कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

संध्याकाळी बेल वाजली. दारात तोच म्हातारा. म्हटलं, आला बिचारा आभार मानायला.

"माझा पार्टनर कुठं घालवलासा?" त्यानं दारातूनच विचारलं.

हे सदूबाबा. आमच्याच सोसायटीत मुलाकडे राहणारे, मूळचे मिरजेकडचे. तरुणपणी एका फिरत्या सर्कशीत जोकर होते. एक खेळ संपून रिंगणात वाघाचे पिंजरे लागेपर्यंत लोकांना हसवत ठेवायचं, हे त्यांचं काम.

"थोबाडीत ही आमची भाकरी, साहेब. मारणाऱ्याचा हात गालाला लागतच न्हाई. आवाज कोण काढतो? मार खाणारा! छातीपाशी आपलीच टाळी, लोकांना दिसू न देता."

त्यांनी ती वाजवून दाखवली. फाट्! तोच आवाज.

आयुष्यभर नव्या पोरांना शिकवलं, 'ज्याची बातमी, त्याला आधी विचारा.' आणि मी स्वतः? त्या माणसाला तोंडसुद्धा उघडू दिलं नाही!

सदूबाबा मात्र बोलत सुटले. झुल्यावरच्या मुली, केळी पळवणारा हत्ती, दिवसाला तीन-तीन खेळ. मग आवाज खाली आला. "तंबू उतरला की मैदानात नुसती खुंट्यांची भोकं उरायची. ती बघायला नको म्हणून मी आधीच ट्रकात जाऊन बसायचो. आता कुठं जाऊन बसू? पोरगा चाकणला कामाला, सून बी चाकणलाच. एकाची शिफ्ट सुटती, दुसऱ्याची लागती. बालाजीनं खेळ शिकून घेतला, म्हणून संध्याकाळ तरी निघत होती."

मी तडक एजन्सी गाठली. सुपरवायझरनं हात जोडले. "सर, तुम्हीच हटवायला लावलंत. आता परत आणला आणि उद्या तुम्ही छापलंत तर?"

"अरे बाबा, मी निवृत्त आहे!"

"सगळेच पत्रकार असं म्हणतात, सर."

बालाजीला फोन केला. तो रागावलासुद्धा नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं! "ऱ्हाऊ द्या, साहेब. हितं गेटवर कुणी हसत न्हाई, एवढंच. पण बाबाला एकटं सोडू नका."

सदूबाबांना सगळं सांगितलं. त्यांनी चपला पायांत सरकवल्या. मग म्हणाले, "चला खाली. आता मार तुम्ही खायचा."

पोरं जमली. सदूबाबांचा हात माझ्या गालाजवळून सुर्रकन गेला. आणि मी? खांबासारखा उभा! आवाज मीच काढायचा असतो, हे साफ विसरलो. पोरं चिडीचूप. एक चिमुरडी म्हणाली, "बालाजीकाका कधी येणार?"

सदूबाबांचा चेहरा असा उतरला, की उद्यापासून हा माणूस खाली येणार नाही, हे मला दिसलंच. घाईघाईनं मी खाडकन टाळी वाजवली आणि पडायचंही असतं हे आठवून धप्पकन बसकण मारली.

पोरं खदाखदा हसायला लागली! एक-दोघं तर लोळलीच.

"चुकलं, बाबा," मी खालूनच पुटपुटलो. "उद्या टाळी वेळेवर वाजवतो."

"खुळं हाय का काय!" हात देऊन मला उठवत सदूबाबा म्हणाले. "सगळं होऊन गेल्यावर दणकून आवाज करणारा जोकर आमच्या सर्कशीतबी न्हवता. अन् तुम्हाला तर शिकवायचीबी गरज न्हाई. तुमचा धंदाच तो!"