मधुकररावांच्या बोटीचं चार्जिंग

ऊन डोक्यावर होतं आणि बॅटरी उतरत होती. असं व्हायला नको. सूर्य वर असताना सोलरची बॅटरी भरते, यात शिकण्यासारखं काही नाही. मी मीटर काढला, वायर पुसल्या, परत लावला. आकडा तोच.

"काय म्हणते?" मधुकररावांनी विचारलं.

"म्हणते, मी समुद्रात येत नाही."

त्यांना हसू आलं नाही. मलाही खरं तर आलं नव्हतं.

मी बोटींची इलेक्ट्रिशियन आहे. माहेर वणीचं, नोकरी गोव्यात. वणीची पोरगी आणि बोटी, यावर लोकांना जे बोलायचं असतं ते सगळं माझं ऐकून झालंय. एकदा तरी कामानं आपल्या जिल्ह्यात जावं अशी इच्छा होती. ती अशी पूर्ण झाली, की पुसदकडच्या एका धरणात शिडाची बोट नांगर टाकून उभी आणि मी तिच्या पोटात घुसून घाम पुसतेय.

बोट मधुकररावांची. कोळशाच्या खाणीत डंपर दुरुस्त करून निवृत्त झालेला हा माणूस. सांगाडा बाहेरून मागवला, बाकी सगळं स्वतःच्या हातानं जोडलं. आता गोव्याहून एका मित्राला घेऊन हिंद महासागर ओलांडायचा, थेट सेशेल्स बेटांपर्यंत. त्याआधी आमच्या कंपनीचं सर्टिफिकेट लागतं आणि सर्टिफिकेटआधी अँकर ट्रायल. म्हणजे नांगर टाकायचा आणि किनाऱ्याची वीज, नळ, बाजार सगळं विसरून बोटीवरच राहायचं. दिवे, फ्रिज, वायरलेस आणि ऑटोपायलट, म्हणजे माणूस झोपला तरी सुकाणू धरून ठेवणारं यंत्र, हे सगळं फक्त उन्हावर चाललं पाहिजे. जे धरणात चालत नाही ते समुद्रात चालणार नाही.

मी काठावरच्या गावात राहत होते आणि कोळ्याच्या डोंग्यातून ये-जा करत होते. काठावर रोज माणसं जमत. "याच्यात कापूस किती बसते?" हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. कापूस बसत नाही म्हटलं की निम्मी माणसं घरी जात.

सुरुवातीला ट्रायल छान चालली. मग चार्जिंग घसरलं आणि घसरतच गेलं. सकाळी मी आले की सगळं ठीक, दुपारी करंट गायब. मी कंट्रोलर बदलला. कंट्रोलर म्हणजे उन्हाची वीज मोजून मापून बॅटरीत सोडणारा डबा. फरक नाही. फ्यूज बदलले. मग बॅटरीच्या कंपनीला दोष दिला, मग सोलरच्या कंपनीला, शेवटी हवेला.

गोव्याहून साहेबांचा फोन आला.

"पास की फेल?"

"अजून सांगता येत नाही सर."

"ट्रेलर उद्या निघतोय बोट आणायला. फेल असेल तर आत्ताच सांग, थांबवतो. वाऱ्याचे दिवस संपत आलेत. हा वारा गेला की त्यांना पुढच्या वर्षीच जाता येईल."

मधुकरराव शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकलं. एरवी जेवण झालं की ते खाली बर्थवर आडवे होत आणि उन्हं कलल्यावरच उठत. त्या दिवशी आडवे झाले, पण छताकडे बघत राहिले. साठी उलटलेल्या माणसाला पुढचं वर्ष म्हणजे काय, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला, कारण दोष सापडत नव्हता.

बोटीवर तिसरं माणूस होतं आक्का. मधुकररावांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा धाकट्या भावाला आक्कांनीच वाढवलं. ट्रायलमध्ये त्याच्या जेवणाचे हाल नकोत म्हणून फुलसावंगीहून आल्या होत्या. आल्या आल्या मला विचारलं, "पोरी, हे बोट डुबत तं नाही ना?"

"नाही आक्का."

"मंग हलून काहून राह्यली?"

"पाण्यात आहे म्हणून."

हे उत्तर त्यांना पटलं नव्हतं. दुपारभर त्या वर मागच्या बाजूला काठी घेऊन बसत आणि मधूनमधून "हाट्! हाट्!" ओरडत. बगळ्यांनी बोट घाण करू नये म्हणून बिचाऱ्या राखण करतात, असं मी समजत होते.

सोलरचे पॅनल त्यांच्याच डोक्यावर, स्टीलच्या चौकटीवर होते. सकाळी मी ते बघत असे, लख्ख असत. त्या दुपारी मी चौकटीखालची वायर उघडायला गेले आणि दोन पॅनलच्या फटीतून माझ्या मीटरवर टपकन एक पिवळट थेंब पडला. वर गळण्यासारखं काही नव्हतं. मी वास घेतला. लसूण होता. थोडा हिंगही.

मी बाकावर चढले. दोन्ही पॅनलवर धुतलेलं धोतर अंथरलेलं आणि त्यावर ओळीनं घातलेल्या, मुगाच्या वाटलेल्या डाळीच्या मुंगवड्या.

"आक्का, हे काय?"

"तुले मुंगवड्या ठाऊक नाही का वं? वणीची ना तू? समुद्रात भाजी कुठून भेटन त्याले!"

"पण इथं कायले घातल्या?"

"मंग कुठं? काठावर बकऱ्या, धूळ. अन् हे काचाचे पाट कसे तापते! एका दिवसात खडखडीत. तुमच्या कंपनीनं लय चांगली सोय केली बाप्पा."

मी कपाळावर हात मारला. मग समजावलं. पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी जोर जातो, बैलजोडीतल्या एकानं मान टाकली की गाडी अडते तसं. इथं तर गाडीवर धोतरच पांघरलेलं. वीज नाही, तर सर्टिफिकेट नाही.

आक्कांनी एक मुंगवडी उलटून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे याच्यावर वाळू घातलं तं मधू जात नाही?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग राहू दे. डाळ अजून हाये माह्याजवळ."

काठी मांडीवर आडवी घेऊन त्या पॅनलखाली बसल्या. बगळ्यांची राखण संपून आता आमची सुरू झाली होती.

आवाज ऐकून मधुकरराव वर आले. धोतर पाहिलं आणि सगळं समजले.

"आक्का, उचल ते."

"नाही उचलत. लोकं रिटायर होऊन काशीले जाते. तू पाण्यात कायले जातं?"

"सारी जिंदगी खदानीत खाली पाहून काढली आक्का. आता जरा पुढं पाहू दे."

"पाह्य ना. अन् मले कोण सांगन, तू हाये का नाही ते?" आक्कांनी काठी आपटली. "म्या लहानाचा मोठा केला तुले."

मधुकरराव त्यांच्याजवळ खाली बसले. मी मग कामाचंच बोलले. बोटीवर एक छोटं यंत्र आहे, सॅटेलाइटवरून ते रोज मेसेज पाठवतं, आक्कांच्या मोबाइलवरही येईल.

"रोज?"

"रोज. पण त्याला वीज याच बॅटरीची लागते."

आक्कांनी वर पॅनलकडे पाहिलं, मग भावाकडे.

"हे आधी कोणी सांगतलं नाही मले," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "धर वं ते टोक. सांडू नोको."

धोतर उचललं आणि मीटरचा आकडा चढू लागला. मुंगवड्या डेकवर उलट्या ठेवलेल्या रबरी होडीच्या पाठीवर गेल्या. तिथंही चांगल्या वाळल्या.

संध्याकाळी साहेबांना फोन केला. "पास सर. पॅनलवर सावली होती."

"कशाची?"

"मुंगवड्यांची."

मुंगवडी म्हणजे काय, ते साहेबांनी समजून घेतलं. "रिपोर्टमध्ये बाहेरची वस्तू असं लिही."

"बाहेरची नाही सर, घरची आहे."

मधुकरराव निघाले. मेसेज रोज येतो. कधी उशीर झाला तर आक्का मलाच फोन करतात. "त्याच्या पाटावर काही पडलं काय, पाह्य बरं," म्हणतात. मी गोव्यात बसून काय पाहणार! पण पाहते म्हणून सांगते.

आता कुठल्याही बोटीचं चार्जिंग कमी आलं की मी वायर उघडत नाही. आधी वर चढून पॅनल बघते. मग खाली येऊन विचारते, या बोटीचं जाणं घरात कोणाकोणाला पटलेलं नाही?