दोन कबरी, एक दगड

अकोल्याहून अमरावती एसटीने अडीच तास. एवढ्याशा प्रवासावर काय लिहायचं, असं मलाही वाटत होतं. पण दादाच्या कबरीपर्यंत पोचायला मला दीड वर्ष लागलं.

दादा अमरावतीत एकटाच राहायचा, शाळेत मास्तर होता. तो गेला तेव्हा शहरात दंगलीमुळे संचारबंदी होती, इंटरनेट बंद. मला वाटेतूनच परत फिरावं लागलं. त्याच्या चर्चमधल्या चार जणांनी परवानगी काढून त्याला माती दिली. त्यानंतर मी रविवारच्या उपासनेला जायचो, पण प्रार्थनेत डोळे मिटले की राग यायचा. नेमका कोणावर, ते सांगता येत नव्हतं. या ईस्टरला त्याच्या नावाचा दगड बसवायचा, म्हणजे मन शांत होईल, असं ठरवलं.

शनिवारी दुपारी निघालो. आरक्षणाची गरज पडत नाही. ऊन मात्र फार, पाणी भरपूर ठेवा. दगड गोणपाटात गुंडाळून पायाशी ठेवला होता. कंडक्टरने बुटाने ढकलून पाहिला.

"काय आहे बाप्पा ह्याच्यात? लोखंड?"

"दगड."

"अमरावतीत दगड नाई भेटत काय?"

मी गोणपाट सारून नाव दाखवलं. त्याने बूट मागे घेतला. मग बडनेऱ्यापर्यंत त्याने माझ्या शेजारच्या सीटवर कोणाला बसू दिलं नाही, जणू तिथे कोणी बसलेलं होतं.

स्टँडजवळ एक लॉज घेतला, साधा पण स्वच्छ. संध्याकाळी इथला गिला वडा, दह्यात भिजवलेला, खाल्ला. दादा दर वेळी आग्रहाने खाऊ घालायचा. तीच चव लागली.

ईस्टरची पहाटेची उपासना कब्रस्तानातच होते. कोणाला जायचं असेल तर पाचच्या आत पोचा आणि रिक्षा आदल्या दिवशीच सांगून ठेवा. फाटकाजवळ अंधार होता. आत कबरीकबरीवर मेणबत्त्या, पण माणसं दिसत नव्हती. कोणी खोकलं की कळायचं, ते पांढरं म्हणजे क्रूस नाही, साडी आहे. मग गीत सुरू झालं, ते जमिनीतून आल्यासारखं वाटलं.

कबरी खोदणारे याकोबकाका मला टॉर्च घेऊन भिंतीकडे घेऊन गेले. तिथे मातीचे दोन उंचवटे होते, शेजारी शेजारी, नाव नसलेले.

"यातलीच एक मास्तरची."

"कोणती?"

"एकाच दिवशी दोन केल्या, साहेब. पोलिस घाई करून राहिले होते. फळ्या ठोकल्या होत्या, पावसानं गेल्या. माती देणाऱ्या चौघायलेबी आता सांगता येत नाई. आता काहून खोटं बोलू?"

मी दोन्हीवर मेणबत्ती लावली. उजवीकडची विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. डावीकडची ज्योत हलतही नव्हती. दादाच दाखवतोय असं वाटलं आणि मी दगड डावीकडे ओढायला लागलो.

"भिंतीच्या भगदाडातून हवा येऊन राहिली, भाऊ."

मागे एक बाई उभी होती. सुनीताबाई. दुसऱ्या कबरीत तिची आई होती. तिने पदराचा आडोसा केला, तशी उजवीकडची ज्योतही उभी राहिली.

"पयल्या खेपेले मीबी असंच समजली होती. आता दोघायलेबी लावतो. मायच्या डोक्यावर मास्तरचं नाव आलं तर हासन ते. जलमभर अंगठा लावला तिनं."

"खोदून पाहता येईल," मी म्हणालो. दादाच्या मोडलेल्या पायात सळई होती, ओळख पटली असती. त्याला कब्रस्तानाच्या कमिटीची परवानगी आणि या बाईंची सही लागेल, असं काका म्हणाले.

सुनीताबाई ज्योतीपाशी खाली बसली.

"तुमच्या जिवाले चैन नसन तर देतो सही. पण मायले उघडं पाडाल, तवा तिच्यावर माती टाकाले तुमीच थांबजा."

तिकडे पाळकसाहेब बायबल वाचत होते. सुगंधी द्रव्यं घेऊन पहाटे प्रभूच्या कबरीकडे आलेल्या बायकांना तिथे कोणीच सापडलं नाही. लहानपणापासून ऐकत आलोय. त्या बायका किती घाबरल्या असतील, हे त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. आणि हेही, की दादा मला सापडत नव्हता. पण देवापासून तो हरवला नव्हता.

"सही नको," मी म्हणालो.

दगड आम्ही दोन्हींच्या मधोमध, उशाकडे रोवला. सुनीताबाईने वितीने मोजलं. "मास्तरकडे जास्त गेला. सरकवा इकडे." सरकवला. दादाच्या नावाखाली जागा आहे, तिच्या आईचं नाव तिथे कोरायला सांगितलंय. तोवर उजाडलं होतं आणि लोक एकमेकांना ईस्टरच्या शुभेच्छा देत होते. मीही दिल्या.

दुपारच्या गाडीने घरी आलो. त्या दोनांतली दादाची कबर कोणती, हे मला कधीच कळणार नाही. अजून टोचतं. पण आता प्रार्थनेत डोळे मिटले की राग येत नाही. दादा येतो. एकटा मात्र येत नाही. त्याच्या शेजारी एक म्हातारी बसलेली असते, आणि तिचा चेहरा मी कधीच पाहिलेला नाही.