आईने न पाहिलेले शेवट

आमच्या आईने उभा जन्म सिनेमे पाहिले आणि एकाचाही शेवट पाहिला नाही. थाप वाटते ना? पण खरं आहे. ती थिएटरात डोअरकीपर होती. उशिरा येणाऱ्यांना बॅटरी दाखवून खुर्चीपर्यंत न्यायचं, आणि शेवट जवळ आला की बाजूच्या दाराने गल्लीत जाऊन जाळीचं फाटक उघडायचं, पुढच्या खेळाची रांग मागे रेटायची. आतली माणसं बाहेर पडली की त्यांच्या चेहऱ्यांवरून हिने काय ते ओळखायचं. हसत आली म्हणजे लग्न झालं, गप्प आली म्हणजे कोणीतरी गेलं. घरी आम्हाला गोष्ट सांगायची तीही अशी अर्धीच. मी जाम चिडायचे.

"अगं, पण पुढे काय झालं?"

"पुढे मी फाटक उघडलं," म्हणायची.

ते थिएटर कधीच पाडलं. आई घरी बसली. यंदा मात्र संग्रहालयात दर रविवारी दुपारी जुने सिनेमे फुकट दाखवायला लागले. माझं शिवणाचं दुकान रविवारी बंद, म्हणून तिला घेऊन गेले. भुसा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं भिंतीला सरकवलेली, मध्ये घडीच्या खुर्च्या, समोर पांढरा पडदा. पहिल्याच रविवारी शेवट आला तशा बाईसाहेब उठून दाराशी! मी हाताला धरून आणून बसवलं. पडद्यावर म्हातारी झालेली नायिका आपल्या जुन्या अंगणात परत येत होती. आई तोंडावर हात ठेवून बघत राहिली. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "एवढं सगळं असायचं होय गं आत!"

तेव्हापासून रविवारी हिची सकाळपासून घाई. सिनेमा संपून दिवे लागले तरी ती पांढऱ्या पडद्याकडे बघत बसायची. हळूहळू शेवटाला उठायची सवयही सुटली.

मग एका रविवारी निघताना दाराबाहेर पुढच्या सिनेमाचं चित्र लावलेलं दिसलं. खवळलेला समुद्र आणि होडीत एकटी मुलगी. आई जागीच थबकली. "हा नको," म्हणाली आणि तरातरा चालायला लागली. मी पिच्छा सोडते की काय! घरी पोचल्यावर स्वयंपाकघरात गाठलीच तिला, तेव्हा सगळं बाहेर आलं.

मी लहानपणी विषमज्वराने दवाखान्यात पडले होते. आईला रजा मिळेना. दिवसा बाबा माझ्याजवळ बसायचे, आई कामावर. तिथे लागलेला हाच सिनेमा. वादळात अडकलेल्या बापाला आणायला पोरगी होडी लोटते, तिची आई काठावर उभी, आणि नेमकी तिथेच आमची आई बाहेर. मग फाटकातून माणसं यायची ती डोळे पुसत. रोज. दांडगे बाप्येसुद्धा.

"म्हटलं, गेली ती पोर. आणि तिथून तशीच मी तुझ्याकडे यायचे. दवाखान्याचा जिना चढताना पाय उचलत नसत."

"अगं, पण मी बरी झाले ना?"

"तू झालीस. ती गेलीच की. कोणाला विचारलं नाही मी. कोणी बोलायला लागलं की कान झाकायचे."

मला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं ही बाई पडद्यावरच्या पोरीचा घोर लावून बसली होती आणि मला पत्ता नाही!

"रविवारी जायचं," मी म्हटलं. "काय असेल ते एकदा बघून टाक."

गेलो. वादळ सुरू झालं तशी पुढच्या खुर्च्यांवरची मुलंही चिडीचूप झाली. एवढ्याशा खोलीत केवढा तो समुद्र! मुलीने होडी लोटली आणि माझ्या शेजारची खुर्ची करकरली. आई उठली होती. सरळ दाराशी गेली, कडीवर हात ठेवला आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. शिपाई स्टुलावरून उठायला लागला, त्याला मी हातानेच थांबवलं आणि तिच्यामागे गेले.

"आई," मी कानात म्हटलं, "बाहेर रांग नाहीये."

कडी सोडायला तिला बराच वेळ लागला. मग वळली. मनगट माझं पकडलं, ते असं की बांगडी रुतली. पडद्यावर पहाट झाली होती. काठावरची ती आई पाण्यात गुडघ्यापर्यंत शिरलेली. समोर रिकामा समुद्र. मग उपडी होडी दिसली. आणि दूर, वाळूच्या पार टोकाला, एक ठिपका हलला. वल्हं ओढत पोरगी येत होती, आणि तिच्या खांद्यावर हात टाकून तिचा बाप.

खोलीतली सगळी माणसं रडत होती. आईने पडद्याकडे पाहिलं, मग त्या ओल्या चेहऱ्यांकडे, मग माझ्याकडे.

"अगं बाई," ती म्हणाली, "हे असं रडत होते होय!"

दिवे लागले तशी तिने डोळे पुसले, कडी काढली आणि दार धरून उभी राहिली. एकेकाला "सावकाश हं, पायरी आहे" म्हणत सगळ्यांना बाहेर सोडलं. सगळ्यात शेवटी मी उरले. माझ्या कपाळाला तिने हात लावून पाहिला, ताप बघतात तसा.

"चल," म्हणाली, "सावकाश. पायरी आहे."