लेबलावर कोणाचं नाव

हल्ली मुली माझ्याकडे धंद्याचा सल्ला मागायला येतात. कोणाला मसाले करायचे असतात, कोणाला कोकमाचं सरबत. बाटल्या कुठून आणू, दुकानदाराशी कसं बोलू, बायका कामाला कशा लावू, असं सगळं विचारतात आणि मीही जमेल तसं सांगते. पण त्याआधी मी एकच विचारते, ‘लेबलावर नाव कोणाचं घालणार?’ मुली एकमेकींकडे बघून हसतात. म्हातारीला काहीतरी खूळ आहे असं त्यांना वाटत असावं. वाटू दे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी रत्नागिरीत आंबापोळीचा धंदा सुरू केला. सासरे नुकतेच वारले होते, नवरा कचेरीत कारकून, धाकटे दीर मुंबईत नोकरीला. जवळच्या पावस गावच्या बागांतून पेटीत न बसणारा आंबा आमच्याकडे यायचा, डाग पडलेला, देठाशी पिचलेला, अंगाने लहान. त्याचा रस काढायचा, गाळायचा, बेताची साखर घालून तुपाचा हात फिरवलेल्या ताटांत पसरायचा. वाळला की त्यावर दुसरा थर. मे महिन्यात आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. वाडीतल्या बायका माझ्याबरोबर राबायच्या आणि दिवसभर कावळ्यांना शिव्या घालायच्या.

जाहिरात हा शब्द मी कधी तोंडातून काढला नाही, पण ती कशी करतात ते मला कळत होतं. एस.टी. स्टँडवरच्या दुकानदाराला मी सांगितलं, माणूस मुंबईच्या गाडीची वाट बघत उभा असला की त्याच्या हातावर एक तुकडा ठेवायचा आणि गप्प बसायचं. मुंबईला निघालेल्या माणसाला गावचं काहीतरी न्यायचंच असतं, फक्त ते त्याला गाडी फलाटाला लागल्यावर आठवतं. गणपतीपुळ्याच्या दुकानात मी मुद्दाम लहान पुड्या ठेवल्या. देवाला येणारा माणूस घरी जाऊन शेजारीपाजारी प्रसाद वाटतो, त्या प्रसादाबरोबर माझी पुडी आपोआप दहा घरं फिरायची. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. माझं डोकं होतं आणि ते चालत होतं.

चाललं नाही ते फक्त नाव ठेवताना. आमच्याकडे होडी घेतली तरी तिला वडिलांचं नाव, दुकान काढलं तरी पाटीवर वडिलांचं नाव. घरातल्या थोरल्याला बाजूला ठेवून आपलं नाव पुढे करणं म्हणजे अंगात आल्यासारखं. मी लेबलावर सासऱ्यांचं नाव घातलं, त्यांचा फोटो घातला आणि खाली छापलं, ‘आणि सन्स’. कोणी सांगितलं नव्हतं. माझीच हौस. सासऱ्यांनी हयातीत आंबापोळीला कधी हात लावला नाही, दातांना चिकटते म्हणून. परवाना दोघा भावांच्या नावे निघाला, कारण बाईमाणसाने सरकारी कचेरीत कशाला खेटे घालायचे.

पहिला माल दुकानात पाठवण्याआधी देवळात गाऱ्हाणं घातलं. गावातले एक मानकरी उभे राहिले आणि त्यांनी देवाला साकडं घातलं, ‘बा देवा महाराजा, ह्या घरातल्या मुलग्यांनी आज जो काय धंदा मांडलाय, त्याला यश दे रे महाराजा!’ जमलेले सगळे म्हणाले, ‘होय महाराजा!’ मी मागे बायकांत उभी होते, हाताला रसाचा वास. मीसुद्धा म्हणाले, आणि चांगली मोठ्याने म्हणाले.

दिरांचं श्रेय मी नाकारणार नाही. त्यांनी मुंबईतली दुकानं धरली, पुड्या पोचवल्या, माल खपवला. बोलण्यात ते पहिल्यापासून पटाईत. पण दोनेक मोसम गेल्यावर ते घरी येऊन मला शिकवायला लागले. रंग घाला, म्हणजे उठून दिसेल. इसेन्स घाला, म्हणजे आंबा कमी लागेल. उन्हाच्या भरवशावर किती दिवस बसायचं, यंत्र आणू. मी म्हटलं, ‘भाऊजी, रंग घातलेली पोळी मी करणार नाही.’ ते हसून म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही अजून स्वयंपाकघरातून विचार करता.’ हे वाक्य माझ्या मनातून आजतागायत गेलेलं नाही. स्वयंपाकघरातून नाही तर कुठून करायचा? पोळी काय दिवाणखान्यात होते?

मग भावाभावांच्या वाटण्या झाल्या. घर आम्हाला आलं आणि धंदा दिरांनी मागितला. मी पहिल्यांदा पुरुषांच्या बैठकीत तोंड उघडलं. म्हटलं, धंदा माझा आहे, अख्ख्या वाडीला ठाऊक आहे. तर त्या मानकऱ्यांना बोलावलं गेलं. ते शांतपणे म्हणाले, ‘वयनी, गाऱ्हानं मीच घातलंय. मुलग्यांचा धंदा म्हनून घातलंय. तुमी पन होतात की तितं.’ नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. म्हणाला, ‘नाव बाबांचंच आहे ना, घरातच राहील.’ त्याला मी अजून माफ केलेलं नाही. तो आता नाही, तरी नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा ताटं मांडली. लेबल नाही, साध्या कागदात पुड्या. गणपतीपुळ्याचा दुकानदार भला माणूस, त्याने तोंडात तुकडा टाकला आणि ओशाळून म्हणाला, ‘वयनी, चव तीच हाय. पन गिऱ्हाईक म्हनतं, ही त्या फोटोवाल्या पोळीची नक्कल हाय.’ माझ्याच पोळीची मी नक्कल करत होते. त्या वर्षीची बरीचशी पोळी आम्ही घरातच खाल्ली. मला ती कडू लागली, म्हणजे लागायचीच.

दशक संपता संपता एका महिला मंडळाने गावात शिबिर भरवलं, घरगुती उद्योग कसा चालवावा याचं. पाहुणे म्हणून आमचे दीर. सफारी सूट, खिशाला पेन. मला पहिल्या रांगेत बसवलं, पाहुण्यांच्या वहिनी म्हणून, आणि औक्षणही माझ्याच हातून करवलं. मी केलं. चारचौघांत तमाशा करायचं शिक्षण आम्हाला मिळालेलं नव्हतं.

दीर सुरेख बोलले. बाबांनी लावलेलं रोप आम्ही वाढवलं. गिऱ्हाइकाशी प्रामाणिक राहा. कामाच्या बायकांना घरच्यासारखं वागवा. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्याबरोबर राबलेल्या एकीचंही नाव त्यांना सांगता आलं नसतं.

मग मागच्या रांगेतून एक बाई उठली. ती पापड करायची. तिने विचारलं, ‘साहेब, ऐन कामाच्या दिवसांत लग्नसराई येते, बायका दांड्या मारतात. रागावलं तर सोडूनच जातात. तर करायचं काय?’

दीर हसले. पाण्याचा घोट घेतला. मग माइकवर हात ठेवून व्यासपीठावरून खाली वाकले आणि हळूच मला म्हणाले, ‘वहिनी, आपण काय करायचो हो?’

आपण. मला गप्प बसता आलं असतं. पण ती पापडवाली खरंच अडली होती, आणि मला उत्तर येत होतं. मी सांगितलं, ‘चैत्रातच घरोघरी जाऊन विचारून ठेवायचं, कोणाकडे कार्य आहे. त्या दिवशी कामच काढायचं नाही. उलट आपणच सगळ्याजणींनी तिच्याकडे राबायला जायचं. दुसऱ्या दिवशी ती न बोलावता येते.’

दीर सरळ झाले, माइकवरचा हात काढला आणि माझी वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली. शेवटी म्हणाले, ‘हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.’ सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पापडवाली हात जोडून खाली बसली.

माझ्या शेजारी मंडळाच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी मला कोपराने ढोसलं आणि लाडिक रागाने म्हणाल्या, ‘अहो, वाजवा की टाळ्या! तुमच्या घरचे ना ते?’

मी वाजवल्या.